दान आधी की चाल आधी

प्रशियाच्या तोफखान्यातील एक तरुण लेफ्टनंट, गेओर्ग हाइनरिश रुडोल्फ योहान फोन राइसवित्झ, याने आपल्या वडिलांनी आरंभिलेला युद्धखेळ शास्त्रशुद्ध करून १८२४ साली बर्लिनमधल्या वरिष्ठ सेनाधिकाऱ्यांपुढे मांडला, तेव्हा त्या खेळाचा नकाशा एकास आठ हजार या प्रमाणाचा होता, पलटणींच्या जागी लाल-निळे ठोकळे होते, उभय पक्षांचे हुकूम घेऊन त्यांचा निवाडा करणारा एक पंच होता, आणि त्या पंचाच्या हाती फासे होते. सेनानायकाने हुकूम द्यावा, पलटणीने फैर झाडावी, आणि त्या फैरीने समोरचे किती पडले हे मात्र फाशाने सांगावे, अशी ती योजना. फासा घेतला तो केवळ खेळ रंगावा म्हणून घेतला नव्हता. तितक्याच अंतरावरून, त्याच बंदुकांनी, तितक्याच शिपायांनी झाडलेली फैर दर वेळी तेवढीच माणसे पाडीत नाही, हे रणांगण पाहिलेल्या प्रत्येकाला ठाऊक होते. आणि जो खेळ हे सत्य दडवील तो अधिकाऱ्यांना खोटे शिक्षण देईल, असा त्यामागचा विचार होता. सेनाप्रमुख म्युफलिंग याने खेळ पाहिला आणि साऱ्या सैन्याला त्याची शिफारस केली. पुढे १८७६ साली व्हेर्डी द्यू व्हेर्नुआ याने फासे आणि तक्ते बाजूस सारून सारा निर्णय अनुभवी पंचाच्या विवेकावर सोपवावा, असा पक्ष मांडला. युद्धखेळात दैवाला स्थान असावे की नसावे, हा वाद आज व्हिडिओ गेम रचणाऱ्यांत चालतो, तो इतका जुना आहे.

आपल्याकडच्या पटावरील खेळांतही दैव होतेच, पण त्याचा क्रम निराळा होता. सारीपाटात कवड्या आधी पडतात, दान कळते, आणि मग कोणती सोंगटी पुढे काढावी, कोणती जागच्या जागी राखावी, कोणाची मारावी, याचा विचार खेळणारा करतो. अल्-बिरूनीने अकराव्या शतकात हिंदुस्थानाविषयी लिहिताना चौघांनी खेळायच्या ज्या बुद्धिबळाचे वर्णन केले आहे, त्यातही हत्ती हलवायचा की घोडा, हे फासा ठरवी. पण एकदा चाल झाली की मारलेला मोहरा मेला, त्यात संशयाला जागा नसे. दान आधी आणि चाल मग, असा हा क्रम राइसवित्झच्या मेजावर उलटा झाला. तिथे चाल आधी आणि दान मग. वरवर क्षुल्लक वाटणाऱ्या या उलटापालटीतूनच, माझ्या मते, एक असे नाते निर्माण झाले की ज्याचा त्या लेफ्टनंटला सुगावाही नसावा: पडद्यावरच्या एका काल्पनिक शिपायावर खेळणाऱ्याचा जीव जडणे. दान पाहून चाल केली तर जे घडते ते सारे माझे कर्तृत्व ठरते. चाल करून मग दानाची वाट पाहायची असेल, तर माझा हुकूम आणि त्याचे फळ यांच्यामध्ये एक अंतर पडते, आणि त्या अंतरात तो शिपाई एकटा उभा असतो.

पाळीपाळीने खेळायच्या डावपेचांच्या खेळांचे जे दालन आज संगणकावर उभे आहे, त्याच्या दोन मुख्य शाखा आहेत. एक इंग्लंडात ज्युलियन गॉलप याच्या हातून वाढली: १९८४ चा 'रिबेलस्टार रेडर्स', १९८८ चा 'लेझर स्क्वाड', आणि १९९४ चा 'यूएफओ: एनिमी अननोन', जो अमेरिकेत 'एक्स-कॉम' या नावाने ख्यात झाला. दुसरी जपानात, शोझो कागा याने इंटेलिजंट सिस्टिम्स या संस्थेत रचलेल्या आणि एप्रिल १९९० मध्ये निन्टेन्डोच्या फॅमिकॉमवर आलेल्या पहिल्या 'फायर एम्ब्लेम'पासून सुरू झाली. परस्परांपासून इतक्या दूर रुजलेल्या या दोन शाखांनी एक गोष्ट समान स्वीकारली: जो मेला तो कायमचा गेला. खेळणारे तिला 'पर्माडेथ' म्हणतात. गॉलपच्या खेळात स्कायरेंजर नावाच्या विमानातून चौदा शिपाई मोहिमेवर जात. रात्रीच्या काळोखात विमानाचा उतार खाली पडे, पहिला रंगरूट पाऊल बाहेर ठेवी, आणि कुठून तरी हिरवी ठिणगी येऊन तो जागीच कोसळे. अशा शेकडो रंगरुटांची नावे कोणाच्या ध्यानात राहिली नाहीत; जे वाचले, त्यांचीच राहिली.

२०१२ साली फिरॅक्सिस या संस्थेत जेक सॉलोमनच्या नेतृत्वाखाली त्याच खेळाचा नवा अवतार निघाला, 'एक्सकॉम: एनिमी अननोन'. पृथ्वीवर परग्रहवासीयांनी चढाई केली आहे, सोळा राष्ट्रांची एक परिषद तिचा मुकाबला करते आहे, त्या सोळांत हिंदुस्थानही आहे, आणि खेळणारा त्या परिषदेच्या शिबंदीचा मुखत्यार. शिपायांची नावे खेळ आपण होऊन देतो. ती बदलताही येतात. माझ्या एका रंगरूट मुलीचे नाव मी बदलून सगुणा ठेवले, त्यामागे काही विशेष हेतू नव्हता. या खेळात रंगरुटाचा नेम ६५ धरलेला असतो. शत्रू अर्ध्या आडोशामागे असला की त्यातून २० वजा होतात, पूर्ण आडोशामागे असला की ४०. एका मोटारीआड लपलेल्या सेक्टॉइड नावाच्या परग्रहवासीयावर तुकडीतल्या तिघांचे नेम चुकले होते आणि उरली होती ही एकटी. पडद्यावर आकडा होता ४५. बंदूक खांद्याला लागते, कॅमेरा तिच्या पाठीमागे येतो, आणि क्षणभर काहीच घडत नाही. मग गोळी सुटते. ती लागली. त्या एका गोळीने सगुणाला पहिली बढती मिळाली, आणि बढतीबरोबर पेशाही मिळाला: खेळाने तिला लांब पल्ल्याची नेमबाज केले. मी तिला नेमबाज केले नव्हते. मला त्या वेळी खरी गरज होती ती जखमींना सावरणाऱ्या माणसाची.

पुढे बढत्या होत गेल्या. या खेळात काही हुद्दे चढल्यावर शिपायाला टोपणनाव मिळते, ते मिळाले. ती कौलांवर चढून बसे, उंचीचा लाभ म्हणून नेमात आणखी २० मिळत, आणि खाली रस्त्यात काय चालले आहे याच्याशी आपला संबंध नसावा अशा स्वस्थपणे ती एकेक गोळी घाली. एका मोहिमेत मात्र शेकडा नव्वदाच्या वरचा नेम चुकला, आणि ज्या शत्रूने त्या गोळीने मरायचे होते त्याने पुढच्या पाळीत तिच्या जुन्या जोडीदाराला मारले. जोडीदार पडलेला पाहून तुकडीतल्या एका नव्या शिपायाचे अवसान गळाले आणि तो भेदरून बसला. तशीही तरतूद या खेळात आहे. मोहीम फत्ते झाली. तळावर मृतांच्या स्मरणार्थ एक जागा केलेली आहे. तिथल्या यादीत एक नाव वाढले, आणि नावापुढे त्याच्या मोहिमांची आणि त्याने मारलेल्या शत्रूंची संख्या. त्यानंतर सगुणाला कौलावर चढवताना माझ्या मनात जे येई, ते सोंगटी हलवताना येत नाही. तिला एक पूर्ववृत्त होते, आणि ते फिरॅक्सिसच्या कोणा लेखकाने लिहिलेले नव्हते, माझ्याही इच्छेने घडलेले नव्हते. चार-दोन यादृच्छिक संख्यांनी ते लिहिले होते, आणि म्हणूनच ते मला खरे वाटले. कारण ज्या माणसांना आपण ओळखतो त्यांचे जीवनही असेच, आपल्या मर्जीला न विचारता घडलेले असते.

आता यातला अवघड भाग. मनुष्याला संभाव्यता कळत नाही. म्हणजे गणिताने कळते, पण काळजाला पटत नाही. शेकडा ९५ हा आकडा दिसला की आपण मनातल्या मनात तो शंभर वाचतो. वस्तुतः शेकडा ९५ चे वीस नेम घेतले, तर त्यांतला एक तरी चुकण्याची शक्यता शेकडा ६४ असते. मोहिमेगणिक असे कितीतरी नेम घेणाऱ्याच्या वाट्याला हा प्रसंग येणार यात अघटित काही नाही. तरी तो आला की माणूस उसळतो, आणि हा खेळ आपल्याशी लबाडी करतो, अशी त्याची पक्की खात्री होते. सिड मायर या ज्येष्ठ रचनाकाराने २०१० साली सॅन फ्रॅन्सिस्को येथील गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समध्ये केलेल्या भाषणात याचे मनोज्ञ विवेचन आहे. आपल्या 'सिव्हिलायझेशन' खेळाच्या चाचण्यांत त्याला असे दिसले, की तिनास एक असे बळ असताना हरणे खेळणाऱ्यांना मुळीच मान्य नसते, पण बळ उलट असून आपण जिंकलो तर ते त्यांना अगदी रास्त वाटते. आणि दोनास एक हे प्रमाण जे कसेबसे सोसतात, त्यांना वीसास दहा हे सोसवत नाही, जरी गणित तेच असले तरी. तेव्हा त्याच्या मंडळींनी हिशेबच बदलला: मागच्या लढाईचा निकाल ध्यानात ठेवून पुढच्या लढाईचा तोल थोडा झुकवायचा.

जपानी शाखेने यापुढे मजल मारली. २००२ साली गेम बॉय ॲडव्हान्सवर आलेल्या 'फायर एम्ब्लेम'पासून या मालिकेतल्या पुष्कळ खेळांत नेम लागला की नाही हे ठरवण्यासाठी एक संख्या न काढता दोन काढतात, त्यांची सरासरी घेतात, आणि ती छापील आकड्यापेक्षा कमी असली तर नेम लागला असे धरतात. दोन संख्यांची सरासरी स्वभावतःच मध्याकडे झुकते, त्यामुळे पडद्यावरचा आकडा आणि वास्तव यांच्यात फरक पडतो: छापील ७० वस्तुतः ८२.३ असतो, ८० चा ९२.२ होतो, ९० चा ९८.१, उलट ३० चा १८.३ आणि १० चा केवळ २.१. या खेळांत खेळणाऱ्याच्या पात्रांचे आकडे बहुधा मोठे आणि शत्रूचे लहान असतात, तेव्हा ही सारी उलाढाल त्याच्या पथ्यावर पडते, आणि त्याला मात्र खेळ न्यायी वाटतो. 'एक्सकॉम २' मध्येही सोप्या पातळ्यांवर लागोपाठ नेम चुकले की पुढच्या नेमात गुपचूप भर घालतात. सर्वांत कठीण पातळीवर ही दया नाही.

यामागचा हेतू दयाळू आहे हे मला मान्य आहे, आणि त्याने खेळणाऱ्यांची पात्रे अधिक काळ जगतात, त्यांच्यावरचा लोभ वाढायला अवधी मिळतो, हेही खरे. तरी मला हा मार्ग पटत नाही. पडद्यावरचा आकडा हा रचनाकाराने खेळणाऱ्याला दिलेला करारनामा आहे. त्यात ९० लिहून ९८ देणे हे उदारपणाचे असले तरी खोटे आहे, आणि त्याची किंमत खेळणाऱ्याची समज भरते. जो वर्षानुवर्षे असे ९० पाहत आला, त्याला दुसऱ्या खेळातला खरा ९० पहिल्यांदा दगा देतो तेव्हा तो खऱ्यालाच खोटे म्हणतो. दया करायची असेल तर ती उघड करावी. आकडा ९८ छापावा.

नेमाची चर्चा सर्वत्र होते. 'फायर एम्ब्लेम'मधल्या दैवाची दुसरी बाजू तितकी बोलली जात नाही, आणि मला तीच अधिक महत्त्वाची वाटते. तिथे पात्राची लेव्हल वाढली की त्याची शक्ती, चपळता, नशीब, संरक्षण हे गुण आपोआप वाढत नाहीत. प्रत्येक पात्राला प्रत्येक गुणाकरिता वाढीचे एक शेकडा प्रमाण नेमून दिलेले असते, आणि त्या प्रमाणाने दर वेळी नशिबाची परीक्षा होते. समजा शक्तीचे प्रमाण ४० आहे. दहा लेव्हलांत सरासरीने शक्ती चाराने वाढायला हवी. परंतु शंभर घरांत हा खेळ चालला असेल, तर सुमारे पाच घरांत त्या पात्राची शक्ती दहा लेव्हलांत एकाने वाढलेली असेल किंवा मुळीच वाढलेली नसेल, आणि दुसऱ्या पाचएक घरांत ती सातांनी किंवा अधिक वाढलेली असेल. तोच चेहरा, तेच नाव, तेच संवाद; एका घरी तो दुर्बळ, कोणाच्या तरी आडोशाने जगवलेला, दुसऱ्या घरी साऱ्या फौजेचा आधारस्तंभ. दोघे खेळणारे भेटले आणि त्या पात्राविषयी बोलू लागले, की ते दोन वेगळ्या व्यक्तींविषयी बोलत आहेत असे लक्षात येते. दैव इथे मारण्याआधी घडवते. ज्याला आपण 'माझा' म्हणतो, त्याचे माझेपण त्या शंभरांतल्या पाचांत असण्यात आहे.

लेखकांनी घडवलेल्या पात्रांवरही प्रेम बसते, हे नाकारण्याचे कारण नाही. १९९९ च्या 'जॅग्ड अलायन्स २' मधले भाडोत्री सैनिक एकमेकांशी भांडतात, काही जण अमक्याबरोबर काम करणार नाही म्हणून अडून बसतात, आणि त्यांचे आवाज वर्षांनंतरही कानांत राहतात. पण ते प्रेम कादंबरीतल्या पात्रावरच्या प्रेमाच्या जातीचे, सर्व वाचकांना सामायिक असे असते.

मग प्रश्न येतो पुनःपुन्हा मागे जाण्याचा. नेम चुकला, प्रिय शिपाई गेला, की जुना सेव्ह उघडायचा आणि ती पाळी पुन्हा खेळायची, हा मोह फार मोठा आहे. रचनाकारांनी त्याला नाना तऱ्हेने तोंड दिले. संगणकाची यादृच्छिक संख्या वास्तविक यादृच्छिक नसते. एका बीजसंख्येपासून ठरावीक गणिताने एकापुढे एक संख्या निघत जातात, आणि बीज तेच असेल तर सारी मालिका तीच निघते. 'एक्सकॉम'मध्ये सेव्हबरोबर हे बीजही जतन होते; म्हणून मागे जाऊन तोच शिपाई त्याच जागेवरून तोच नेम घेऊ लागला, तर तो पुन्हा चुकतो. पाचवीच्या रात्री सटवाई येऊन कपाळी लिहून जाते आणि ते पुसता येत नाही, तसेच हे लिखित. फरक इतकाच, की येथे हुकुमांचा क्रम बदलला की लिखित दुसऱ्या कोणाच्या तरी वाट्याला जाते. गेम बॉयवरच्या 'फायर एम्ब्लेम'मध्ये तर चतुर खेळणाऱ्यांनी याचेही शास्त्र केले: पात्राचा मार्ग दाखवणारा बाण मुद्दाम वेडावाकडा फिरवला की मालिकेतल्या काही संख्या खर्ची पडतात, आणि नको असलेली संख्या अशी जाळून टाकून हवी ती आपल्या नेमाच्या वेळी आणता येते. या युक्तीच्या बुद्धिमत्तेला दाद द्यावीशी वाटते; मात्र अशा रीतीने वाचवलेल्या पात्राविषयी त्याच्या धन्याला पुढे काय वाटत असेल, याची मला शंका आहे.

उलट टोकाला 'आयर्नमन' मोड आहे, ज्यात एकच सेव्ह असतो आणि तो खेळ स्वतः लिहीत जातो. झाले ते झाले. मध्ये अनेक पायऱ्या. २०१० च्या जपानी 'फायर एम्ब्लेम'मध्ये प्रथम कॅज्युअल मोड आला, ज्यात पडलेले पात्र पुढच्या लढाईला परत येते. २०१२ च्या 'अवेकनिंग'मध्ये तो जगभर पोहोचला, त्या खेळाचा खप एवढा झाला की डळमळीत झालेली ही मालिका सावरली, आणि जुन्या खेळणाऱ्यांनी पर्माडेथ ऐच्छिक झाली म्हणून पुष्कळ शोक केला. २०१९ च्या 'थ्री हाउसेस'मध्ये काळ मागे फिरवण्याची शक्ती खेळणाऱ्याला दिली आहे, पण एका लढाईत तिचा उपयोग मोजक्याच वेळा करता येतो. मला ही तोड सर्वांत समंजस वाटते, कारण कोणासाठी काळ मागे फिरवला आणि कोणासाठी नाही, हीही त्या पात्राच्या चरित्रातली एक नोंद होते.

दैवच काढून टाकण्याचे प्रयत्नही झाले, आणि ते हलक्या हाताचे नाहीत. सबसेट गेम्सच्या जस्टिन मा आणि मॅथ्यू डेव्हिस यांचा २०१८ चा 'इन्टू द ब्रीच' आठ बाय आठ घरांच्या पटावर खेळतात. शत्रू पुढच्या पाळीत कोठे घाव घालणार हे आधीच रेखून दाखवलेले असते, आपला नेम कधी चुकत नाही, आणि लढाईत दैवाला ठेवलेली मुख्य जागा एवढीच, की शत्रूच्या घावातून इमारत वाचण्याची थोडी शक्यता, आरंभी शेकडा १५. रचना म्हणून हा खेळ मला या साऱ्यांत निर्दोष वाटतो. एकेक पाळी बुद्धिबळातल्या कूटप्रश्नासारखी सोडवावी लागते. त्यातल्या युद्धयंत्रांचे चालक मात्र मला आठवत नाहीत, आठवतात ते डाव. खुद्द जेक सॉलोमनने २०२२ साली 'मिडनाइट सन्स' रचला, तेव्हा नेमाचा आकडा पार काढून टाकला आणि दैव पत्त्यांत नेले: हातात कोणती पाने येतील ते अनिश्चित, खेळलेले पान मात्र अचूक लागणार. म्हणजे तो सारीपाटाच्या क्रमाकडे परतला, दान आधी, चाल मग. त्यातले नायक मरत नाहीत, आणि त्यांच्याविषयी आपुलकी वाटावी म्हणून त्यांच्या मठातल्या भेटीगाठी, गप्पा आणि स्नेहभोजने विपुल लिहावी लागली. एका वाटेने जे आपसूक येत होते ते दुसऱ्या वाटेने मेहनतीने आणावे लागले, असे मी या दोन खेळांकडे पाहून म्हणेन.

ज्युलियन गॉलपने स्वतः आणखी एक वाट काढली. २०१९ च्या त्याच्या 'फिनिक्स पॉइंट'मध्ये नेम घेताना शेकडा आकड्याऐवजी दोन वर्तुळे दिसतात. सुटलेल्या साऱ्या गोळ्या मोठ्या वर्तुळात पडणार आणि त्यांतल्या निम्म्या लहान वर्तुळात, एवढे आश्वासन खेळ देतो, आणि हात, पाय की शस्त्र, कोठे नेम धरायचा ते खेळणाऱ्याने पाहायचे. दैव तेवढेच आहे, पण ते आता डोळ्यांना दिसते. वर्तुळाचा किती भाग शत्रूच्या अंगाने भरला आहे आणि किती रिकामा आहे, हे कोणालाही समजते, आणि नेम चुकल्यावर लबाडीचा संशय सहसा येत नाही. चुकलेली गोळी तिथे नाहीशी होत नाही. १९९४ च्या खेळातही ती होत नव्हती. ती मागच्या भिंतीला भोक पाडते, तिकडे पिंप असेल तर त्याचा स्फोट होतो, आणि आपलाच शिपाई उभा असेल तर त्याला लागते. म्हणून हा खेळ खेळणारा हळूहळू आपली माणसे त्या मोठ्या वर्तुळाबाहेर ठेवण्याची सवय लावून घेतो. पण नकाशावर आडोसे मोजके असतात, तेव्हा ते प्रत्येक वेळी साधत नाही.